सुक्या मासळीची स्वच्छता : विकत घेताना नेमके काय पाहावे?

घाटमाथा
मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात दापोलीकडून पुण्याला परतताना आम्ही वाटेत गाडी थांबवून पाऊण किलो सुकट, अर्धा किलो बोंबील आणि सहा खारे बांगडे घेतले. घरी आल्यावर सुकट ताटात ओतली तेव्हा ताटाच्या कडेला बारीक वाळू साचली. भाजताना ती तव्यावर करकरली आणि चटणीचा पहिलाच घास दाताखाली येताच धाकट्या मुलीने पान बाजूला सारले. बोंबील मात्र उत्तम निघाले. बांगड्यांचे चौथ्या दिवशी लक्षात आले. दोन बांगड्यांच्या पोटाच्या आतल्या बाजूवर फिकट गुलाबी आणि हाताला किंचित बुळबुळीत लागणारा थर आला होता. तो मिठाचाच रंग आहे असे आई म्हणते आणि बांगडे तत्काळ फेकावेत असे पत्नी म्हणते. मी ते डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवले आहेत, म्हणजे निर्णय पुढे ढकलला आहे.

सुकी मासळी आमच्या घरी तीन पिढ्या खाल्ली जाते, परंतु ती घेताना काय पाहायचे हे आम्हा कोणालाच धड सांगता येत नाही, हे या निमित्ताने उघड झाले. एकाच ठिकाणी घेतलेल्या तीन जिनसांपैकी एक चांगली, एक वाळूने भरलेली आणि एक संशयास्पद असे का व्हावे? यंत्रात सुकवून छापील पाकिटात मिळणारी मासळी खरोखरच अधिक स्वच्छ असते का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

तिरकस
सुकटीबरोबर वाळू मिळाली याचा अर्थ समुद्रकिनाऱ्याचा काही भाग तुमच्या नावावर झाला आहे. सातबारा उतारा मागून घ्यावा.

पाटीवाली
मी उत्तनची आहे आणि माझ्या सासूबाईंपासून आमच्याकडे बोंबील सुकवण्याचा धंदा आहे. घाटमाथा दादांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मासळीत कमी आणि ती सुकवायच्या जागेत जास्त आहे.

बोंबील आम्ही वलांडीवर घालतो. वलांडी म्हणजे बांबू रोवून त्यांच्यामध्ये एकावर एक ताणलेल्या दोऱ्या. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी करायची आणि ती दोरीवर टाकायची. बोंबलाचे दात असे आत वळलेले असतात की एकदा अडकले की वाऱ्याने सुटत नाहीत. सराव असलेली बाई बोलता बोलता, हाताकडे न पाहता जोड्या लावत जाते. ऊन आणि वारा दोन्ही चांगले असले तर तीन-चार दिवसांत माल तयार होतो. या सगळ्या काळात बोंबलाचा जमिनीशी संबंधच येत नाही, आणि म्हणूनच तुमचे बोंबील चांगले निघाले.

जवळा, म्हणजे जो सुकला की त्याची सुकट होते, अगदी बारीक असतो, त्यामुळे तो टांगता येत नाही, पसरावाच लागतो. ज्यांच्याकडे सिमेंटचा किंवा चांगला सारवलेला खळा आहे ते खळ्यावर पसरतात, काही जण जाळे अंथरून त्यावर घालतात, आणि ज्यांच्याकडे यातले काहीच नाही ते रेतीवर टाकतात. रेतीवरचा ओला जवळा सुकताना कण धरून ठेवतो आणि मग सुपात कितीही पाखडला तरी ते सगळे निघत नाहीत. आता एक गोष्ट स्पष्टपणे लिहिते, राग मानू नये. खळ्यावरचा जवळा आणि रेतीवरचा जवळा पाटीत जवळजवळ सारखाच दिसतो आणि गिऱ्हाईक दोन्हीला एकच भाव सांगते. मग खळा धुण्याची, जाळी अंथरण्याची आणि दिवसभर कावळे-कुत्री हाकत बसण्याची मजुरी त्या बाईने कोणाकडून घ्यायची?

अणुरेणू
अन्नसूक्ष्मजीवशास्त्र हा माझा पोटापाण्याचा विषय आहे, म्हणून गुलाबी बांगड्यांविषयी लिहितो. घाटमाथा यांच्या मातोश्रींचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही, कारण हा रंग खरोखर मिठाबरोबरच येतो. मात्र तो मिठाचा रंग नव्हे. मिठागरात उन्हाने तयार होणाऱ्या खडे मिठात मीठप्रिय सूक्ष्मजीव जिवंत राहतात. इतर जंतू ज्या खारटपणात मरतात त्यातच यांची वाढ होते. मिठागराच्या आटत आलेल्या वाफ्यातले पाणी लालसर दिसते ना, त्यात मोठा वाटा यांचाच असतो. मासळी पुरती सुकलेली नसली आणि हवा उबदार व दमट असली की तिच्यावर तोच थर दिसू लागतो. एकदा वापरलेले मीठ झटकून पुढच्या घाण्याला पुन्हा वापरण्याची सवय अनेक ठिकाणी आहे, आणि त्यामुळे हा प्रकार हमखास पसरतो.

हे जंतू स्वतः विषबाधा घडवतात असे सहसा आढळत नाही, पण ते मासाचे विघटन करतात. मास मऊ पडते, त्याला उग्र वास येतो आणि हा बांगडा आत ओलसर राहिला होता, हेही त्यावरून कळते. तुमच्या पत्नीचा निर्णय योग्य आहे. थर धुऊन टाकला तरी ओलेपणाची मूळ चूक धुतली जात नाही.

बांगड्याच्या बाबतीत याहून गंभीर गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. बांगडा, तारली, कुपा या माशांच्या मासात हिस्टिडीन नावाचे द्रव्य भरपूर असते. पकडल्यानंतर मासा बर्फाशिवाय राहिला तर जंतू त्याचे हिस्टामाइनमध्ये रूपांतर करतात. मग कितीही मीठ लावा, सुकवा, तळा किंवा कालवणात उकळा, एकदा तयार झालेले हिस्टामाइन नष्ट होत नाही. तोंड लाल होणे, अंगावर गांधी उठणे, डोके ठणकणे अशा तक्रारींना लोक ‘मासळीची ॲलर्जी’ म्हणतात, पण त्यांतल्या काहींचे कारण हे असते. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांत त्याची आरोग्यविषयक मर्यादा किलोमागे २०० मिलिग्रॅम आहे. घरी ते मोजण्याचा सोपा उपाय नाही. खाताना जिभेला मिरीसारखी चुणचुण लागली तर मात्र तो घास तिथेच थांबवावा.

जुनेखोड
आमच्या आजीने ऐंशी वर्षे खारा बांगडा खाल्ला आणि तिला हिस्टामाइन हा शब्दही ठाऊक नव्हता. मिठाने सगळे मरते, हे आपल्या पूर्वजांना कळत होते. आजकाल प्रत्येक घासाआधी प्रयोगशाळेकडे पाहण्याची सवय लागली आहे, इतकेच.

अणुरेणू
@जुनेखोड, आपल्या आजींचा बांगडा बहुधा सकाळी किनाऱ्याला लागून दुपारी मिठात गेलेला होता. तो चार दिवस फिरलेल्या बोटीच्या तळातून आलेला नव्हता. मिठाने सगळे मरते हे मात्र खरे नाही. इजिप्तमध्ये बोय जातीचा मासा आतडी न काढता आंबवून खारवण्याची जुनी चाल आहे, त्याला फेसिख म्हणतात. १९९१ साली त्यातून बॉट्युलिझम या विषबाधेची साथ येऊन १८ माणसे दगावली. मीठ बाहेरून आत झिरपायला वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात न साफ केलेल्या पोटात जे व्हायचे ते होऊन जाते. त्यामुळे बांगडा घेताना तो पाठीतून किंवा पोटातून चिरून, आतडी आणि कल्ले काढून, आतून मीठ चोळलेला आहे ना, हे उघडून पाहावे. आपल्याकडच्या चांगल्या खारवणाऱ्या बायका हे करतातच. त्याचे कारण त्यांना शास्त्रीय भाषेत सांगता येत नसले, तरी त्यामुळे काही बिघडत नाही.

दर्यावर्दी
आमच्या कुटुंबाच्या दोन बोटी आहेत, त्यामुळे एक अप्रिय गोष्ट मीच लिहितो. खारवायला जाणारा बांगडा पुष्कळदा ताजा विकला न गेलेला बांगडा असतो. लिलावात भाव पडला, बर्फ संपला, मासळीचे पोट फुटू लागले, की तो माल मिठाकडे जातो. मीठ हे टिकवण्याचे साधन आहे, पण अनेकांनी त्याला लपवण्याचे साधन केले आहे. आधीच नरम झालेल्या मासळीतून चांगली सुकी मासळी जगातल्या कोणत्याही यंत्रात तयार होणार नाही. तेव्हा ‘यंत्रात सुकवलेली’ हे शब्द पाकिटावर वाचून हुरळून जाण्याआधी, आत गेलेला मासा किती तासांचा होता हे विचारावे. त्याचे उत्तर पाकिटावर नसते.

पाटीवाली
दर्यावर्दी भाऊंचे म्हणणे बांगड्यापुरते मान्य आहे, बोंबलाला ते लावू नये. बोंबील आणि जवळा डोल जाळ्यात येतात आणि आमच्याकडे उधाणाच्या दिवसांत इतके येतात की ताजे विकून संपणे शक्यच नसते. त्या मालातला मोठा भाग सुकवण्यासाठीच असतो, उरलासुरला म्हणून नव्हे. नरम पडलेला बोंबील वलांडीवर टिकतच नाही, जबड्यातून फाटून खाली पडतो. खाली पडलेला आम्ही वेगळा ठेवतो आणि तो कोंबड्यांच्या खाद्याला जातो. निदान आमच्या आळीत तरी जातो.

सोडेप्रेमी
सीकेपी घरातला असल्यामुळे सोड्यांविषयी लिहिणे माझे कर्तव्य आहे. कोळंबी सोलून, पाठीतला काळा धागा काढून, मग सुकवली की सोडे होतात. या कामाला सर्वांत जास्त हात लागतात आणि म्हणून सोड्यांचा भाव ऐकून नव्या सुनेला घेरी येते. गेल्या वर्षी एका बाजारातून मी फार सुंदर, एकसारखे केशरी सोडे आणले. कोमट पाण्यात घालताच दोन मिनिटांत पाणी सरबतासारखे लाल झाले आणि सोडे पांढुरके पडले. सुकलेल्या कोळंबीचा स्वतःचा नारिंगी रंग असतो, पण तो असा पाण्यात धावत सुटत नाही. तेव्हापासून दुकानात चार सोडे मागून घेतो आणि खिशातला पांढरा रुमाल ओला करून त्यात चोळून पाहतो. दुकानदार नाराज होतात, परंतु रुमाल स्वस्त आहे. सोड्यांच्या पाठीचा धागा काढलेला आहे का, हेही उलटून पाहावे, कारण वाळूची करकर कित्येकदा किनाऱ्यावरून आलेली नसून त्या धाग्यातलीच असते.

गच्चीवरून
आमच्या सोसायटीत सुक्या मासळीवरून दर पावसाळ्यात एक सर्वसाधारण सभा होते, पण तो विषय नंतर. मला विचारायचे आहे ते फॉर्मेलिनविषयी. २०१८ साली गोव्यात मासळीत फॉर्मेलिन सापडल्याचे प्रकरण गाजले होते. सुक्या बोंबलालाही ते लावतात असे आमच्या एका नातलगांनी ठामपणे सांगितले, आणि चाचणीपट्टीवर रंग आल्याचे छायाचित्रही पाठवले. त्यात तथ्य किती?

अणुरेणू
@गच्चीवरून, ती शंका रास्त आहे, पण बोंबलाच्या बाबतीत निष्कर्ष जपून काढावा. समुद्री माशांच्या मासात ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड नावाचे द्रव्य असते आणि मासा मेल्यावर काही जातींत त्याचे विघटन होऊन फॉर्मल्डिहाइड (पाण्यात विरघळवलेले असले की तेच फॉर्मेलिन) आपोआप तयार होते. बोंबील हा त्या जातींतला ठळक मासा आहे. त्यामुळे कोणीही काहीही न लावता बोंबलात फॉर्मल्डिहाइड आढळू शकते. पट्टीवर आलेला रंग हा भेसळीचा पुरावा धरण्यापूर्वी प्रयोगशाळेत प्रमाण मोजावे लागते. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने ग्राहकांसाठी अशा पट्ट्या विकसित केल्या आहेत. ताज्या मासळीची प्राथमिक चाळणी करायला त्या उपयोगी आहेत, पण त्यांच्या भरवशावर नातलगांनी एखाद्या विक्रेत्याला गुन्हेगार ठरवू नये.

सुक्या मासळीत मला फॉर्मेलिनपेक्षा कीटकनाशकाची भीती अधिक वाटते.

माणदेशी
अणुरेणू यांनी शेवटच्या ओळीत जे लिहिले त्यावर मला बोलायचे आहे. आम्ही घाटावरचे लोक, समुद्र आम्हाला सहलीत दिसतो. पण आमच्या तालुक्याच्या आठवडी बाजारात मिरचीच्या ओळीला लागूनच सुकटीची आणि बोंबलांची ओळ बसते. पेरणीच्या आणि खुरपणीच्या दिवसांत भाकरीबरोबर मूठभर सुकट म्हणजे शेतमजुराच्या घरातले मटण असते. किनाऱ्यावरचे लोक जो माल स्वतः खाणार नाहीत तो पोत्यात भरून घाटावर येतो, हे मी अनुभवाने लिहितो. पोते एका गुदामातून दुसऱ्या गुदामात जाते आणि त्याला ऊन दाखवायला कोणाला सवड नसते. मग त्यात केसाळ अळी आणि काळपट किडा होतो, आणि बोंबील हातात घेतला की आतून भुगा पडतो.

एकदा मी एका विक्रेत्याकडे पाहत उभा होतो. शेजारच्या गुळावर आणि चिरलेल्या कलिंगडावर माश्यांचे मोहोळ होते आणि याच्या ढिगावर एकही माशी नव्हती. मला आधी कौतुक वाटले. नंतर त्याने पोत्यामागची पाण्याची बाटली काढून ढिगावर दोन फवारे मारले, आणि गोठ्यात गोचीड मारायला फवारतो त्या औषधाचा ओळखीचा वास आला. तेव्हापासून ज्या ढिगावर माशीसुद्धा बसायला तयार नाही तो ढीग मी घेत नाही.

तिरकस
म्हणजे यापुढे माशी हीच आपली अन्न निरीक्षक. पगार नाही, रजा नाही, लाच खात नाही.

अणुरेणू
माणदेशींचा अनुभव मोलाचा आहे, पण त्याचा नियम करू नये. खडखडीत वाळलेल्या, ताज्या मालावर माश्या मुळातच कमी बसतात, कारण त्यांना अंडी घालायला ओलावा लागतो. मासळी ओली असताना, म्हणजे सुकवण्याच्या पहिल्या दिवशी, निळ्या-हिरव्या माश्या सर्वाधिक नुकसान करतात. केसाळ अळीचा किडा मात्र वाळलेल्या मालावर साठवणीत येतो. दोन्हींवर फवारणी हा उपाय नव्हे. पहिलीला जाळी आणि झटपट सुकवणे, दुसऱ्याला घट्ट झाकण आणि कोरडी जागा, एवढे पुरे असते. खाण्याच्या वस्तूवर थेट कीटकनाशक फवारणे बेकायदेशीर आहे, हे वेगळे सांगायला नको.

उत्तरध्रुव
गेली अकरा वर्षे नॉर्वेत राहतो. पाटीवाली ताईंचे वलांडीचे वर्णन वाचून अंगावर काटा आला, कारण लोफोतेन बेटांवर मी तेच दृश्य पाहिले आहे. तिथे कॉड माशांची डोकी काढून, शेपट्या दोरीने बांधून जोड्या करतात आणि लाकडी मांडवावर टांगतात. मीठ अजिबात नाही, फक्त वारा. फेब्रुवारीपासून साधारण मे महिन्यापर्यंत मासे तसेच लटकत असतात. त्या मासळीला युरोपात भौगोलिक संरक्षण मिळालेले आहे, प्रतवारी करणारी माणसे माशाला नुसते हात लावून, वास घेऊन दर्जा ठरवतात, आणि त्या उघड्यावर सुकलेल्या मासळीला कोणीही अस्वच्छ म्हणत नाही.

दर्यावर्दी
@उत्तरध्रुव, तुलना मोहक आहे, पण तिथे सुकवणीच्या दिवसांत तापमान शून्याच्या आसपास असते आणि माशी जन्माला आलेली नसते. आमच्याकडे सकाळी नऊ वाजताच ३० अंश असतात. बोंबलात १०० भागांपैकी ८५ ते ९० भाग पाणी असते, म्हणजे शंभर किलो ताज्या मालातून जेमतेम चौदा-पंधरा किलो सुका माल हाती येतो. एवढे पाणी दमट हवेत उडून जाईपर्यंत मासळी टिकवून धरणे हे काम लोफोतेनमध्ये कोणाला करावे लागत नाही.

युरोपचा विषय निघालाच आहे तर एक जुनी गोष्ट आठवते. १९९७ मध्ये युरोपीय आयोगाने सुक्या बोंबलाची आयात बंद केली होती, कारण नियमानुसार माल मान्यताप्राप्त कारखान्यातून येणे आवश्यक होते आणि बोंबील तर किनाऱ्यावर वाळत होते. ब्रिटनमधल्या खवय्यांनी त्याविरुद्ध रीतसर मोहीम चालवली. शेवटी तोडगा असा निघाला की बोंबील उघड्यावर सुकवले तरी चालतील, मात्र त्यांचे पॅकिंग मान्यताप्राप्त केंद्रात झाले पाहिजे. म्हणजे त्यांनी ऊन आणि वारा मान्य केला आणि त्यापुढच्या हाताळणीवर बोट ठेवले. घाटमाथा यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर यात आहे, असे मला वाटते.

नाडीपरीक्षा
वैद्यकीय व्यवसायात असल्यामुळे तीनच वाक्ये लिहिते. चिनी पद्धतीची खारवलेली मासळी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मानवी कर्करोगाच्या निश्चित कारणांत धरली आहे, पण तो निष्कर्ष मुख्यतः नाकामागच्या घशाच्या कर्करोगाविषयी आणि मीठ लावण्याआधी मासा थोडा मुरू देण्याच्या तिथल्या विशिष्ट पद्धतीविषयी आहे. तो जसाच्या तसा मालवणच्या खाऱ्या बांगड्याला लावता येत नाही. तरीही रक्तदाबाच्या रुग्णांनी बांगडा दोनदा पाणी बदलून भिजवावा आणि त्या दिवशी पापड-लोणच्याला हात लावू नये.

फोंडेकरीण
आमच्याकडे मे महिन्यात पुरुमेंताचा बाजार भरतो. पावसाळ्याची बेगमी म्हणून मिरची, कोकम, मीठ यांबरोबर खारे आणि सुकी सुंगटे (कोळंबी) घेतली जातात. माझी आई विक्रेतीशी गप्पा मारत एक बोंबील सहज उचलायची आणि मधोमध वाकवायची. काडीसारखा टक्कन मोडला तर पिशवी पुढे करायची. रबरासारखा वाकला तर तो परत ठेवून, गप्पा तशाच अर्ध्यावर सोडून, पुढच्या पाटीकडे जायची. खाऱ्या बांगड्याला ती अंगठ्याने काट्याजवळ दाबायची, कारण वरून कडक आणि काट्याजवळ मऊ असेल तर तो जूनचा पहिला पाऊसही काढत नाही. चुलीच्या वर टांगलेल्या शिंक्यात ही सगळी मासळी धुरात राहायची आणि ऑगस्टपर्यंत कोरडी असायची. आता गॅस आला, चूल गेली, आणि तीच मासळी प्लास्टिकच्या पिशवीत घाम गाळत बसते.

अणुरेणू
फोंडेकरीण यांच्या मातोश्रींनी दोन्ही चाचण्या अचूक केल्या आहेत. वरून कडक आणि आत मऊ हा दोष यंत्रातही होतो, किंबहुना यंत्रात अधिक होतो. लवकर माल काढण्यासाठी सुरुवातीलाच तापमान वाढवले की वरचे मास टणक होते आणि आतल्या पाण्याची वाट बंद होते. पन्नास अंशांच्या आसपास, हवा खेळती ठेवून, सावकाश सुकवले तर यंत्रातली मासळी वाळू, माशी आणि अवकाळी पाऊस या तिन्हींपासून वाचते, आणि हा तिचा खरा फायदा आहे.

पाटीवाली
अवकाळीचे नाव काढलेत म्हणून लिहिते. २०१७ च्या डिसेंबरात ओखी वादळाचा पाऊस आला तेव्हा आमच्या वलांडीवर अर्धवट सुकलेला माल होता. ताडपत्री घालावी तर आत वाफ धरते, काढावी तर भिजतो. दोन दिवसांनी ऊन पडले तेव्हा बोंबील पिवळे पडले होते आणि त्यांना आंबूस वास येत होता. सगळे उतरवून खताला दिले. एक व्यापारी आला होता. हाच माल पुन्हा वाळवून थोड्या भावात दे, मी घाटावर लावतो, असे म्हणाला. सासूबाईंनी त्याला चहा दिला, माल दिला नाही. पण ज्या घरी त्या महिन्यात बोटीच्या कर्जाचा हप्ता होता, त्या घरच्यांनी काय केले असेल ते मी विचारले नाही. माणदेशी भाऊंच्या बाजारातली पोती कुठून भरतात याचे एक उत्तर हे आहे.

माणदेशी
ताई, आपण हे लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. आमच्याकडे आता बचत गटातल्या पाच बायका मिळून थेट किनाऱ्यावरून दोन पोती मागवतात आणि वाटून घेतात. भाव बाजारापेक्षा जास्त पडतो, पण पोते उघडले की भुगा निघत नाही.

घाटमाथा
सर्वांचे आभार. दरम्यान मी एक प्रयोग केला, तो येथे नोंदवतो. उरलेल्या सुकटीतली २५० ग्रॅम सुकट आधी सुपात पाखडली, मग मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घेऊन त्यात सोडली. ढवळून अर्धा मिनिट थांबलो आणि वर तरंगणारी सुकट झाऱ्याने उचलून घेतली. आजवर आम्ही ती चाळणीत ओतत होतो आणि तळाची वाळू पुन्हा तिच्यावरच येत होती, ही आमची चूक. तीन पाण्यांनंतर तळाचा गाळ कापडावर वाळवून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला तेव्हा तो ११ ग्रॅम भरला. धुतलेली सुकट उन्हात पुन्हा वाळवून, मंद आचेवर कुरकुरीत भाजून चटणी केली. मुलीने दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि वाळूचा विषय काढला नाही.

दोन्ही बांगडे टाकून दिले. उरलेले चार काट्याजवळ दाबून पाहिले. त्यांपैकी तीन कडक निघाले आणि एक मऊ, तोही टाकला. आईला अणुरेणू यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. मिठाबरोबरच येतो म्हणजे मिठाचाच झाला, असे तिचे मत पडले.

पाटीवाली ताई, खळ्यावरचा जवळा आपल्याकडून मागवता येईल का? भाव आपण सांगाल तो.

पाटीवाली
दादा, आता नको. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते आणि आज घरात जे उरले आहे ते मार्चमधले आहे. ते वाईट नाही, पण पावसाळी हवेत पुण्यापर्यंत पाठवण्यासारखेही नाही. नारळी पौर्णिमेनंतर बोटी बाहेर पडतील, तरी पाऊस असेपर्यंत आम्ही जवळा घालत नाही. ऑक्टोबरचे ऊन तापले की कळवते. येताना झाकण घट्ट बसणारा पत्र्याचा डबा घेऊन या, पिशवी आणू नका, आणि दुपारी बाराच्या सुमारास या, म्हणजे जवळा खळ्यावर पसरलेला असतानाच हात घालून पाहता येईल.